शून्य फुटांचा वाद: डोंगरातला ओढा दुरुस्त करताना कुठे अडतं

अमेरिकेच्या रॉकी पर्वतरांगेत, विशेषतः कोलोरॅडो राज्यात, ओढे आणि पूरक्षेत्रं सांभाळणाऱ्या व्यावसायिकांच्या परिषदा भरतात. त्यांची कार्यक्रमपत्रिका चाळली तर दोन वेगळ्या बिरादऱ्या चुकून एकाच सभागृहात आल्यात असं वाटावं. एका दालनात मासे, ओढ्यावर फांद्यांचे बांध घालणारा बीव्हर हा प्राणी, काठावर वाढणारी विलोची झुडपं आणि वाहून आलेले ओंडके. शेजारच्या दालनात पूररेषेचे नकाशे, विमा आणि परवाने. पहिल्या मंडळींना ओढ्याचं पाणी काठ ओलांडून पसरलेलं हवं असतं. दुसऱ्यांना पगारच याचा मिळतो, की ते पाणी नकाशावरच्या पातळीच्या वर चढू नये.

पण काम दोघांचं एकाच पात्रात असतं, आणि एकाची परवानगी मिळाल्याशिवाय दुसऱ्याचं यंत्र पाण्यात उतरत नाही. त्यामुळे चहाच्या सुट्टीतल्या गप्पा असोत की मंचावरची सभ्य खडाजंगी, गाडी बहुतेक वेळा एकाच आकड्यावर येऊन थांबते: 0.00 फूट. हा आकडा नीट समजला की या क्षेत्रातली निम्मी चर्चा समजते.

आकडा आला कुठून

अमेरिकेत 1968 साली राष्ट्रीय पूरविमा योजनेचा कायदा झाला. तो आज फेमा ही केंद्रीय यंत्रणा राबवते. योजनेत सामील झालेल्या गावातल्या लोकांना पूरविमा मिळतो, आणि त्या बदल्यात गावाला पूरक्षेत्रातल्या बांधकामावर नियम लावावे लागतात. नियमांचा आधार म्हणजे दरवर्षी येण्याची शक्यता 1 टक्का असलेला पूर. त्याला ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणण्याची पद्धत फार घोटाळ्याची आहे. यंदा आला म्हणजे पुढची 99 वर्षं सुट्टी, असं मुळीच नाही. घराचं कर्ज 30 वर्षांचं धरलं, तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के निघते.

या पुराचं पाणी जिथवर पोचतं ते पूरक्षेत्र. त्याच्या आत, मूळ पात्राला धरून, एक ‘पूरमार्ग’ आखलेला असतो. तो आखायची रीत अशी: दोन्ही बाजूंनी पूरक्षेत्र भराव टाकून बुजवत आणायचं, आणि पुराची पातळी ठरलेल्या मर्यादेइतकी वाढली की थांबायचं. मध्ये उरलेला पट्टा म्हणजे पूरमार्ग. फेमाची मर्यादा 1 फूट, कोलोरॅडोची त्याहून कडक, अर्धा फूट. म्हणजे कोलोरॅडोत पूरमार्ग जास्त रुंद निघतो आणि ओढ्याचं जवळजवळ प्रत्येक काम त्याच्या आत येतं.

पूरमार्गातल्या कुठल्याही ‘विकासकामा’मुळे या पुराची पातळी अजिबात वाढणार नाही, हे आकडेमोड करून दाखवावं लागतं. व्यवहारात त्याचा अर्थ 0.00 फूट असा घेतला जातो. गंमत अशी, की गोदामासाठी टाकलेला भराव आणि काठावर लावलेली झुडपं या दोन्ही गोष्टी या नियमाच्या नजरेत विकासकामच.

निरोगी ओढा पाणी वर का चढवतो

डोंगरातले बरेच ओढे आज जसे दिसतात तसे ते मुळात नव्हते. एकोणिसाव्या शतकात सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांनी बीव्हर जवळपास संपवले. पुढे रेल्वेचे स्लीपर पाण्यातून खाली वाहून नेता यावेत म्हणून पात्रातले ओंडके आणि मोठे दगड काढून टाकले. खाणी आल्या, दरीतून रस्ते गेले, वळणं कापून ओढे सरळ केले गेले.

ओढा सरळ केला की त्याची लांबी घटते. वरचं आणि खालचं टोक तिथंच राहतं, म्हणजे उतार वाढतो. लेन या अभियंत्यानं 1955 साली मांडलेला तराजू इथं कामाला येतो. एका पारड्यात गाळाचं प्रमाण आणि त्याच्या दगडांचा आकार, दुसऱ्यात पाण्याचा विसर्ग आणि उतार. उतार वाढला की दुसरं पारडं जड होतं. मग वरून येतो त्यापेक्षा जास्त गाळ ओढा उचलू लागतो आणि तो मिळवण्यासाठी स्वतःचाच तळ खातो. तळ खोल गेला की काठ उंच होतात, पेलवेनासे झाले की ढासळतात. पात्र रुंदावतं, आणि कित्येक दशकांनी खालच्या पातळीवर एक नवं, चिंचोळं पूरमैदान तयार होतं. शम, हार्वे आणि वॉटसन यांनी 1984 मध्ये हा क्रम टप्प्यांत मांडला. 2014 मध्ये क्लुअर आणि थॉर्न यांनी त्यात सुरुवातीचा ‘टप्पा शून्य’ जोडला: एकच खोल पात्र नसून पाणी दरीभर अनेक उथळ धारांनी पसरलेलं असण्याची अवस्था. ओरेगॉनमध्ये मॅकेन्झी नदीच्या दक्षिण फाट्यावर 2018 पासून या अवस्थेकडे परत नेण्याचं मोठं काम झालं.

ओढा किती खचला आहे हे जागेवर पंधरा मिनिटांत मोजता येतं. काठोकाठ भरण्याची खूण शोधायची. ही पातळी साधारण दर एक-दोन वर्षांनी गाठली जाते, आणि वाळूच्या सपाट थराची वरची कड किंवा बारमाही झुडपांची खालची रेघ ती दाखवते. त्या पातळीला पात्राची रुंदी आणि कमाल खोली घ्यायची. मग खोली दुप्पट करून त्या उंचीला दरीची रुंदी मोजायची आणि तिला पहिल्या रुंदीनं भागायचं. समजा रुंदी 6 मीटर, खोली 0.7 मीटर आणि 1.4 मीटर उंचीला रुंदी 8 मीटर. भागाकार 1.33. ओढ्यांचे प्रकार ठरवणाऱ्या रॉसगेनच्या वर्गीकरणात 1.4 च्या खाली म्हणजे ओढा स्वतःच्याच चरात अडकलेला. 2.2 च्या वर असेल तर पुराला पसरायला जागा आहे. चूक नेहमी पहिल्याच पायरीवर होते. खचलेल्या ओढ्यात जुन्या, सोडून दिलेल्या पूरमैदानाची कड लोक काठोकाठची खूण समजतात, आणि पुढचं सगळं गणित त्या चुकीवर उभं राहतं.

दुरुस्ती म्हणजे थोडक्यात हा प्रवास उलटा करायचा: तळ वर आणायचा, वळणं परत द्यायची, ओंडके आणि झाडी आणायची, पाणी पसरू द्यायचं. यातली प्रत्येक गोष्ट पाण्याला अडवते. पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात या अडथळ्याला एक गुणांक असतो, त्याला खडबडीतपणा म्हणू. गोटे आणि मोठे दगड असलेल्या डोंगरी पात्राला चाऊच्या प्रसिद्ध तक्त्यात 0.04 ते 0.07 दिलेत, दाट विलो असलेल्या पूरमैदानाला 0.11 ते 0.20. रुंद प्रवाहात विसर्ग तेवढाच ठेवून हा गुणांक दुप्पट केला, तर खोली सुमारे दीडपट होते. जिथं 1 मीटर पाणी होतं तिथं दीड मीटर. वाढ अर्ध्या मीटरची आणि परवानगी शून्य फुटांची. सगळ्या भांडणाचं मूळ एवढंच आहे.

दुरुस्तीवाले यावर म्हणतात की पाणी वर रेंगाळलं तर खालच्या गावाला पुराचा कळस कमी लागेल. तत्त्व बरोबर आहे, पण परवान्याच्या गणितात त्याचं श्रेय मिळत नाही. कारण नेहमीचं गणित स्थिर प्रवाहाचं असतं. विसर्ग आधीच ठरवून दिलेला असतो, तो वाटेत कमी होण्याची सोयच त्यात नाही. शिवाय प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन-तीनशे मीटरच्या दुरुस्तीनं 1 टक्क्याच्या पुराचा कळस फारसा हलतही नाही. छोट्या पुरांत फरक दिसतो, मोठ्यात क्वचितच.

डोंगरात हे गणित लंगडं पडतं

मैदानी नद्यांसाठी बसवलेले आकडे तीव्र उतारावर फसतात. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणातल्या जॅरेट यांनी कोलोरॅडोतल्या ओढ्यांवर मोजमापं घेऊन 1984 मध्ये दाखवलं, की तीव्र उताराच्या ओढ्यांचा खडबडीतपणा तक्त्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि तो उताराबरोबर वाढतो. त्यांच्या सूत्रानं 3 टक्के उतार आणि साधारण 3 फूट खोलीला गुणांक सुमारे 0.086 येतो. तक्ता बघून कुणी 0.045 घातलेला असेल तर गणितात तेवढ्याच खोलीचं पाणी खऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट वेगानं धावतं आणि पातळी खाली दिसते. पाणी इथं वेगवान आणि उथळ असणारच, असं गृहीत धरण्याची सवयही त्याच अभ्यासानं मोडली. लांब पल्ल्यात तसा प्रवाह क्वचितच टिकतो.

दुसरी अडचण मोठी. नेहमीच्या प्रतिमानात, म्हणजे हेक-रास या सॉफ्टवेअरच्या साध्या मांडणीत, तळ हलत नाही असं धरलेलं असतं. सपाट मैदानी नदीत हे चालून जातं. डोंगरात? ढोबळ हिशोब करू. गोटा हलवण्याची पाण्याची ताकद खोली आणि उतार यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. नेहमीचा उंबरठा धरला, तर 1 मीटर खोल पाणी अर्धा टक्का उतारावर साधारण 7 सेंटिमीटरचा गोटा हलवतं. तेवढंच पाणी 3 टक्के उतारावर 40 सेंटिमीटरचा दगड लोळवू शकतं. तीव्र उतारावर हा उंबरठा स्वतःच वर सरकतो, त्यामुळे 40 चा आकडा थोडा फुगलेला आहे; तरी प्रमाण लक्षात यावं.

म्हणून डोंगरात नुकसान बुडण्यानं कमी आणि काठ खचण्यानं, गाळानं पात्र भरून ओढा भलतीकडे वळण्यानं जास्त होतं. 31 जुलै 1976 च्या रात्री बिग थॉम्पसन नदीच्या घळीत काही तासांत सुमारे 12 इंच पाऊस कोसळला. 144 जण गेले आणि घळीतला 34 क्रमांकाचा महामार्ग वाहून गेला. सप्टेंबर 2013 मध्ये बोल्डर शहरात वर्षभराच्या पावसाच्या जवळ जाणारा पाऊस आठवडाभरात पडला, त्यातल्या एकाच दिवशी 9 इंच. त्याच घळीतला तोच रस्ता पुन्हा उखडला. पूररेषेबाहेरची घरंही काठासकट गेली, कारण नकाशा पाण्याची पातळी दाखवत होता आणि ओढा आडवा खणत होता.

त्या पुरानंतर कोलोरॅडोच्या जलसंधारण मंडळानं प्रवाह-धोका पट्ट्यांचे नकाशे करायची पद्धत तयार केली. त्यात पाण्याच्या पातळीऐवजी दरीचा आकार वाचतात: ओढा कुठवर सरकू शकतो, पूर्वी कुठून वाहत होता, कुठला उतार पायथा खणला गेल्यावर ढासळेल. आमच्या मते डोंगरी भागातल्या परिषदांमधून ऐकण्यासारखी हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण या नकाशावर दोन्ही बिरादऱ्यांचं एकमत होऊ शकतं. ओढ्याला सरकायला सोडलेली जागा माशालाही हवी असते आणि नगर नियोजकालाही. मात्र हा पट्टा फेमाच्या नियमांचा भाग नाही. गावानं स्वतःहून स्वीकारला तरच लागू होतो.

शून्य दाखवायचं कसं

‘वाढ नाही’ असा दाखला देण्यासाठी चार प्रतिमानं एकापाठोपाठ चालवावी लागतात. आधी फेमाकडून मंजूर नकाशामागचं मूळ प्रतिमान मागवायचं आणि आपल्या संगणकावर जसंच्या तसं चालवून तेच आकडे येतात का ते पाहायचं. दुसऱ्यात त्यातल्या चुका सुधारायच्या. तिसऱ्यात आजची परिस्थिती घालायची: नवा पूल, कामाच्या जागेचे जादा आडवे छेद (ओढ्याला आडवे घेतलेले जमिनीचे काप). चौथ्यात प्रस्तावित काम. तुलना तिसऱ्या आणि चौथ्याची, प्रत्येक छेदावर.

गाडं बहुधा पहिल्याच पायरीवर अडकतं. मूळ प्रतिमान अनेकदा काही दशकं जुनं असतं, कधी फक्त छापील कागदावर, आणि छेद एकमेकांपासून इतके लांब, की अख्खं दुरुस्तीचं काम दोन छेदांच्या मध्ये हरवून जातं. दुसरा सापळा उंचीच्या मूळ पायाचा, म्हणजे शून्य उंची कुठून धरायची त्याचा. जुने नकाशे 1929 च्या पायावर आणि नवी मोजणी 1988 च्या पायावर. कोलोरॅडोच्या डोंगरी भागात या दोन्हींतला फरक कित्येक फुटांचा आहे. तो मिसळला की शून्य सिद्ध करायच्या कागदावर ओढा हवेत तरंगतो किंवा जमिनीखालून वाहतो. तिसरा सापळा जरा लबाडीचा: प्रस्तावित प्रतिमानात झुडपांचा गुणांक लागवडीच्या दिवसाचा घालणं. विलो पाच वर्षांनी दाट होणार, म्हणजे आकडाही पाच वर्षांनंतरचा हवा. तपासणारा सगळ्यात आधी हेच पाहतो.

वाढ निघालीच तर ती दुसरीकडे फेडता येते. काठालगतची जमीन खरवडून खाली घेतली की पुराला जागा मिळते. जुना मातीचा बांध किंवा खाणीतल्या मालाचा ढिगारा हटवला की तेच. सगळ्यात मोठी कमाई अपुऱ्या मोरीतून होते. रस्त्याखाली घातलेला चिंचोळा पाइप वरच्या अंगाला पाणी तुंबवतो. त्या जागी काठोकाठच्या पात्रापेक्षा रुंद आणि तळाशी ओढ्याचाच गोटा ठेवलेली मोरी घातली, तर पातळी उतरते आणि उतरली तेवढी वाढ ओंडक्यांसाठी वापरता येते. अशा मोऱ्या पुरात टिकतातही. व्हरमाँटच्या ग्रीन पर्वतात 2011 च्या आयरीन वादळात याच पद्धतीनं बांधलेल्या मोऱ्या शाबूत राहिल्या, तर आसपासच्या पुष्कळ जुन्या मोऱ्या गेल्या. पाइप सहसा निव्वळ पाण्यानं जात नाही. तोंडाशी फांद्या आणि गोटे अडकतात, पाणी रस्त्यावरून वाहू लागतं आणि खालच्या अंगानं भराव कापला जातो.

एवढं करूनही वाढ उरली तर काम सुरू करण्याआधी फेमाकडून नकाशा बदलण्याची सशर्त मंजुरी घ्यावी लागते. ज्यांच्या जमिनीवर पाणी वाढणार त्यांना कळवावं लागतं आणि वाढीच्या पट्ट्यात एकही इमारत येता कामा नये. 2014 च्या कायद्यानं सरकारी पैशातून होणाऱ्या अधिवास-दुरुस्तीच्या कामांना तपासणीचं शुल्क माफ केलं. वेळ मात्र माफ होत नाही.

ओंडके, खांब आणि पाण्याचा हक्क

पूरक्षेत्राच्या अधिकाऱ्याची झोप उडवणारी गोष्ट म्हणजे ओंडका. सुटला तर खालच्या पुलाला जाऊन भिडतो. उत्तर तरंगण्याच्या हिशोबात आहे. वाळलेल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण 500 किलो. पूर्ण बुडालं की पाणी त्याला 500 किलोच्या जोरानं वर ढकलतं. घनमीटरभर दगडाचं पाण्यातलं वजन सुमारे 1650 किलो. म्हणजे एक घनमीटर ओंडका जेमतेम दाबून ठेवायला 0.3 घनमीटर दगड लागतो. दीडपट सुरक्षितता धरली तर 0.45, म्हणजे जवळपास 1.2 टन. यात फक्त वर उचलणारा जोर धरलाय. प्रवाहाचा आडवा रेटा वेगळा मोजायचा. मुळासकट झाड, पात्राच्या रुंदीपेक्षा बरंच लांब आणि अर्धं काठात गाडलेलं, हे दोरखंडापेक्षा भरवशाचं. पोलादी दोर पुरात घासून सैल होतो आणि मग ओंडका दोरासकट फिरतो.

दुसरा, स्वस्त मार्ग बीव्हरच्या बांधांची नक्कल. टोक काढलेले लाकडी खांब साधारण अर्ध्या मीटरवर तळात ठोकायचे, त्यांत विलोच्या फांद्या विणायच्या, वरच्या अंगाला माती, गवत, गोटे लावायचे. उंची मीटरभराच्या आतच. एकटा बांध कधीच घालू नये. ओळीनं घालावेत, म्हणजे एक फुटला तर खालचा सावरतो. हे बांध फुटण्यासाठीच असतात, एक-दोन हंगाम टिकले तरी त्यांचं काम गाळ अडवण्यात झालेलं असतं. खरी फसगत कडेनं होते. पाणी टोकाला वळसा घालून मऊ काठ खातं. ओढा रुंद करायचा असेल तर ते हवंच असतं, पण शेजारी रस्ता असेल तर घात. ओरेगॉनमधल्या ब्रिज क्रीकवर अशा बांधांनंतर खरे बीव्हर आले आणि स्टीलहेड माशांची संख्या वाढल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

कोलोरॅडोत आणखी एक गुंता: पाण्याचे हक्क ‘आधी आला त्याचा आधी’ या तत्त्वावर चालतात. बांधामागे पाणी थांबलं म्हणजे खालच्या जुन्या हक्कदाराचं पाणी अडवलं का? 2023 मध्ये राज्यानं कायदा करून छोट्या दुरुस्तीकामांना वेगळा पाणीहक्क घेण्याच्या बंधनातून मोकळं केलं. त्यात ‘छोटं’ कशाला म्हणायचं याच्या व्याख्या आहेत, आणि वकील असलेलं सत्र हमखास भरतं ते त्यामुळेच.

अशा परिषदेला जायचं तर

अनेक जण जातात ते प्रमाणपत्र टिकवायला. पूरक्षेत्र व्यवस्थापकाचं अमेरिकी प्रमाणपत्र चालू ठेवायला दर दोन वर्षांनी 16 शिक्षण-गुण लागतात. त्यात काही गैर नाही, पण गुण मोजत दालनं बदलणारा माणूस सुंदर फोटो बघून परततो. फोटो बहुतेक बांधकामाच्या पुढच्या उन्हाळ्यातले असतात.

क्षेत्रभेट चुकवू नये. कोलोरॅडोतल्या डोंगरी ओढ्यांना बर्फ वितळून मे-जूनमध्ये भरती येते. परिषद सप्टेंबरात असेल तर ओढा घोट्याएवढा असतो आणि सगळं काही टिकलेलंच दिसतं. म्हणून पहिला प्रश्न: हे बांधल्यावर काठोकाठ पाणी किती वेळा येऊन गेलं? एकदाही आलं नसेल तर काम अजून तपासलंच गेलेलं नाही. मग कामाच्या खालच्या टोकाशी जाऊन उभं राहावं. दुरुस्त केलेला भाग आणि जुना भाग जुळतात तिथं तळ खाली सरकायला सुरुवात होते आणि खळगा वरच्या बाजूला चढत येतो. दगडी पिचिंग असेल तर त्याच्या पायथ्याखाली काठी घालून पाहावी. गोटे किती मोठे आहेत यावर वाद झाला तर तिथंच वोल्मनच्या 1954 च्या पद्धतीनं मोजावेत: पात्रात आडवं चालत, न बघता बोटाला लागेल तो दगड उचलायचा, असे 100, प्रत्येकाचा मधला व्यास घ्यायचा. चांगले दगड निवडून उचलायचा मोह होतोच, म्हणून तर न बघता.

दुसरा प्रश्न कागदाचा: बांधून झाल्यावरची मोजणी कुठे आहे? नकाशा बदलणारं काम असेल, तर बदललेल्या पुराची माहिती सहा महिन्यांच्या आत फेमाला द्यायची असते. बऱ्याच कामांत तोवर पैसा संपलेला असतो, ठेकेदार दुसऱ्या घळीत गेलेला असतो, आणि अंदाजपत्रकात या मोजणीचं कलमच धरलेलं नसतं. ते सुरुवातीलाच धरावं, सोबत तीन आणि पाच वर्षांनंतरच्या फेरमोजणीचंही, आणि छेदांच्या दोन्ही टोकांना काठापासून भरपूर मागे पोलादी खुणा ठोकून ठेवाव्यात. काठाजवळ ठोकलेली खूण काठाबरोबरच जाते.